घर नंबर एक

डिसेंबर लागला की आमच्या रायपुरात गच्चीवर अनवाणी जायची सोय राहत नाही. दोन पावलं टाकली की तळवे काळे. एरवी वारा ही काजळी इकडेतिकडे नेऊन टाकतो. थंडीत मात्र हवा जागची हलत नाही, आणि भनपुरी-उरल्याकडच्या कारखान्यांच्या चिमण्यांनी जे काही सोडलं असेल ते सगळं आमच्या डोक्यावर उतरतं. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या कठड्यावर सकाळी बोट फिरवलं तर बाळाच्या दोन्ही डोळ्यांना पुरेल एवढं काजळ निघतं, असं माझी आई चेष्टेनं म्हणायची. लोक या दिवसांचं फार कौतुक करतात. मटार आले, बोरं आली, कोवळं ऊन पडलं, रायपूरला राहावं तर हिवाळ्यात, वगैरे. असेल बुवा. मला हा ऋतू आवडत नाही, आणि तो दर वर्षी न चुकता येतो.

या वर्षी तो माझ्या मुलीच्या दप्तरातून आला. सई आठवीत आहे, मी शिकले त्याच मुलींच्या शाळेत. तिथं तिला मीच घातलं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. घरी आम्ही मराठी बोलतो, तिला सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते. एका संध्याकाळी तिनं टेबलावर एक छापील कागद पसरला. नाव, पत्ता, काम, आणि शेवटच्या रकान्यात ‘आवश्यकता का कारण’. शाळेतलं मुलींचं हरियाली मंडल थंडीची ब्लँकेटं वाटणार होतं आणि प्रत्येक मुलीनं दोन गरजू नावं आणायची होती. एक तर फुलेश्वरीबाईचं लिहिते, असं म्हणत तिनं पेनाचं टोपण काढलं. फुलेश्वरी तेव्हा मागच्या मोरीत भांडी घासत होती. नळ बंद झाला. तो मला ऐकू आला, सईला नाही. मी म्हटलं, आधी तिला विचार तरी. सई मान वर न करता म्हणाली, “पूछना क्या है मम्मी, दे ही तो रहे हैं.”

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. अकरावीत असताना मी ते म्हटलं होतं, याच सुरात, आणि असंच मान वर न करता.

आमच्या वेळीही हरियाली मंडल होतंच. ‘सब कुछ लड़कियां खुद करती हैं’ असं मोठ्या मॅडम प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, आणि आम्ही मुली ते ऐकून फुगायचो. खुद करायचो म्हणजे काय, तर जुलैत गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत नवी रोपं लावायचो, दिवाळीआधी जुने कपडे गोळा करून वाटायचो आणि भिंतीवर घोषणा रंगवायचो. त्या वर्षी मी मंडळाची अध्यक्ष झाले. मला काहीतरी खरं करून दाखवायचं होतं. त्यातलं ‘दाखवायचं’ किती मोठं होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

खरं काय करायचं हे मला सुचलं नाही, ते नंदाला सुचलं. नंदा भोयर माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील भंडाऱ्याकडून इथं लोखंडाच्या कारखान्यात कामाला आलेले, घर बीरगांवात, रोज दोन बस बदलून शाळा. वर्गात सगळा कारभार हिंदीत, पण आम्ही दोघी एकमेकींशी मराठी बोलायचो. आमच्याकडे बोलतात ते हिंदीनं भरलेलं मराठी आणि ती बोलायची ते तिच्या आईचं, ठसठशीत. तिच्याशी बोलताना माझीही जीभ तिच्या वळणानं वळायची. शिवणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिवणाच्या खोलीत भरतकामाच्या चाळीस लाकडी रिंगा वर्षानुवर्षं पडून होत्या. नंदा म्हणाली, जुन्या पांढऱ्या ओढण्या कापून या रिंगांत ताणून बसवू आणि गावभर गच्च्यांवर, पत्र्यांवर ठेवू. सात दिवसांनी काढू. कुठं किती काळं पडतं ते कपडाच सांगेल, कोणाला विचारायला नको. प्रत्येक कपड्याच्या कडेला लाल धाग्यानं घराचा नंबर टिपायचा. शिवणाच्या मॅडम आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या खोलीतून काही मागितलं म्हणून इतक्या खूश झाल्या की त्यांनी ओढण्यांना स्वतः इस्त्री करून दिली.

अर्धी घरं आमच्या बाजूची आणि अर्धी कारखान्यांजवळची हवी होती. बीरगांवात आम्हाला कोण दारात उभं करणार? मी नंदाच्या मागे लागले. शाळेत कोणी विचारलं तर ती ‘भनपुरी के आगे’ एवढंच सांगायची, हे मला माहीत होतं. तरी मी सोडलं नाही. शेवटी ती म्हणाली, “मले घर नाही दाखवाचं कोणाले, वृंदा. मंग पोरी वेगळंच बोलतेत.” मी तिचा हात हातात घेतला. “कोणालेच नाव दिसणार नाही,” मी म्हटलं. “कपड्यावर नुसता नंबर. नावं माझ्या वहीत, आणि वही माझ्याजवळ.” तिनं स्वतःच्या घरासाठी लाल धाग्यानं एकचा आकडा टिपला. तिचं घर पहिलं. घर नंबर एक.

त्या हिवाळ्यातले तीन रविवार मी बीरगांवात काढले. माझ्या शाळेच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार तेच, हे कबूल करताना आज लाज वाटते. अरुंद गल्ल्या, पत्र्यांवर दगड ठेवलेले, दोरीवरच्या कपड्यांवर राखेचे ठिपके आणि हवेत सतत गरम लोखंडाचा वास. नंदाच्या आई, सुशीलाकाकू, पुढे आणि आम्ही दोघी मागे. “शाळेच्या पोट्ट्या हायत, धुराचं पाहून राहिल्या,” असं सांगत त्या दारं उघडत चालल्या. बायका आधी हसल्या, मग गच्चीवर जायच्या शिड्या धरून उभ्या राहिल्या. प्रत्येकीला काही ना काही सांगायचं होतं. एकीच्या सासऱ्याचा खोकला, एकीच्या लेकराचे डोळे. मी वहीत नाव लिहायचे, माणसं किती, चूल की गॅस, छत पत्र्याचं की पक्कं, घरात आजारी कोण. सगळं अगदी सुवाच्य अक्षरात.

दुपारी काकू आम्हाला जेवायला बसवायच्या. लाखोळीची कोवळी भाजी, लसणाची फोडणी आणि वाफेचा भात. मी इतकी जेवायचे की नंदा मला चिडवायची. जेवणानंतर काकूंनी एकदा मला सुपात वाळत घातलेले कोहळ्याचे सांडगे दाखवले. सकाळी पांढरेशुभ्र घातलेले, दुपारी त्यांच्यावर मिरी पेरल्यासारखी काजळी. धुतले तर विरतात, न धुता तळले तर दाताखाली कचकचतात. तीन वर्षं झाली, सांडगे घालावेत की नाही हाच प्रश्न आहे, असं त्या हसत सांगत होत्या. मग हसणं थांबवून त्यांनी विचारलं, तुमचे कपडे काळे झाले की ते कोणाले दाखवान? मी मोठ्या ऐटीत म्हटलं, मोठ्या लोकांना. त्यांना ते पटलं. सतरा वर्षांच्या मुलीचं त्यांना पटलं, हे मी पुढे पुष्कळदा आठवलं आहे.

सात दिवसांनी रिंगा उतरवल्या. तात्यापाऱ्यातले कपडे करडे झाले होते. बीरगांवच्या कपड्यांवरचा लाल आकडा शोधावा लागत होता. घर नंबर एकचा कपडा तर असा होता की मी विचारलं, काकू, हा चुलीजवळ पडला होता का? त्यांना राग आला. हात लावला नाही मी, म्हणाल्या, जसा ठेवला तसाच हाय. मी सॉरी म्हटलं. त्यांनी ते लगेच विसरून चहा टाकला.

आम्ही सगळे चाळीस कपडे सभागृहात दोरीवर टांगले, आमच्या बाजूच्या करड्यापासून बीरगांवच्या काळ्यापर्यंत. बघणारी मुलगी एका टोकाकडून बोलत निघायची आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गप्प व्हायची. नंदाला मी इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. मोठ्या मॅडम आल्या, शेवटपर्यंत चालत गेल्या, ‘बहुत सुंदर’ म्हणाल्या आणि मला खोलीत बोलावलं.

खोलीत त्या फार गोड बोलल्या. वार्षिक कार्यक्रमाला येणारे पाहुणे त्याच भागातले एक कारखानदार होते. ते शाळेला ब्लँकेटं देत होते, मुलींच्या हातून वाटायला. पाहुण्यांना घरी बोलावून त्यांच्या तोंडावर काळे कपडे टांगणं आपल्या संस्कारात बसतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही मॅडम. मग त्या म्हणाल्या की ब्लँकेटांसाठी गरजू घरं हवीत, आणि तुम्ही मुलींनी घरोघरी जाऊन इतकी छान माहिती घेतलीच आहे. शिवाय कार्यक्रमाचं संचालन या वर्षी मी करावं, असं त्यांच्या मनात होतं. नववीपासून मला माईकवर उभं राहायचं होतं. दर वर्षी ते एका वकिलाच्या मुलीला मिळायचं. वही माझ्या दप्तरातच होती. मी ती काढली आणि टेबलावर ठेवली.

मला कोणी धाकदपटशा केला नाही. फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. बाहेर शिवणाच्या मॅडम भेटल्या. त्यांनी एवढंच विचारलं की त्या बायांना कळवलं का, त्यांना चालेल का. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, “पूछना क्या है मैडम, दे ही तो रहे हैं.”

नंदाला मी वहीचं सांगितलं नाही. पहिलं नाव ऐन वेळी खोडून टाकू, असं मनाशी ठरवलं होतं. मग तालमी सुरू झाल्या, निवेदन पाठ करायचं होतं, आईची साडी नेसून चालायचा सराव करायचा होता, आणि ते राहून गेलं. विसरले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. रोज आठवायचं आणि रोज मी उद्यावर टाकायचे.

बीरगांवच्या बायकांना वॉर्डातल्या कोणीतरी नुसतं शाळेत या एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं, कपड्यांचा निकाल आहे. त्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. सुशीलाकाकू जांभळ्या साडीत, केसांत अबोली, हातात स्टीलचा डबा. डब्यात काय आहे ते मला लांबूनही कळलं. त्यांनी मोठ्या लोकांना दाखवायला सांडगे आणले होते. आणि दोरीवरचे कपडे सकाळीच उतरवून मांडवामागे ढिगात टाकले होते. शाळेत झाडलोट करणाऱ्या बायांनी त्यातलेच घेऊन खुर्च्या पुसल्या. पाहुण्यांचा सोफा जिनं पुसला तिच्या हातातल्या कपड्यावर लाल धाग्यात सव्वीस आकडा होता. तात्यापाऱ्याचाच होता तो, कमी मळलेला. बीरगांवचे कपडे पुसायलासुद्धा कामाचे नव्हते.

नंदाला स्टेजवर उभं केलं होतं. मंडळाच्या मुलींनी ब्लँकेट पाहुण्यांच्या हातात द्यायचं, पाहुण्यांनी ते बाईच्या हातात द्यायचं, फोटो काढायचा आणि पुढचं नाव घ्यायचं. नंदा उंच, टापटीप, म्हणून पहिली उभी. माईकवर मी. माझ्या पुढ्यात माझीच वही उघडी होती, माझ्याच सुवाच्य अक्षरात, आणि पहिल्या ओळीवर काट मारलेली नव्हती. तेव्हाही वेळ होता. मी दोनपासून सुरू केलं असतं तर कोणाच्या काही लक्षात आलं नसतं. पण मोठ्या मॅडम पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होत्या, माईक चालू होता आणि माझा आवाज त्या दिवशी फार छान लागला होता. मी वाचलं, “घर नंबर एक. श्रीमती सुशीला भोयर, बीरगांव.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि डबा घेऊन लगबगीनं वर आल्या. ब्लँकेट मिळतंय म्हणून हसताहेत, असं मला त्या क्षणी वाटलं. पायऱ्या चढून आल्यावर त्यांना ब्लँकेटांची चळत दिसली आणि चळतीजवळ नंदा दिसली. तिनं हातातलं ब्लँकेट पाहुण्यांना दिलं, कारण तिच्यामागे एक मॅडम उभ्या होत्या आणि हात आपसूक पुढे होतात. ब्लँकेट दोन हातांनी घ्यायचं म्हणून काकूंनी डबा खाली ठेवला. फोटोवाल्यानं इकडे बघा म्हटलं, त्यांनी बघितलं. मग त्या नंदाकडे वळल्या. त्यांच्या लक्षात आलं असावं की ही आपली मुलगी हे इथं कोणालाच माहीत नाही. पोटच्या मुलीकडे त्यांनी परक्या बाईसारखं पाहिलं आणि ब्लँकेट काखेत धरून दोन्ही हात जोडले.

“धन्यवाद दीदी,” काकू म्हणाल्या.

त्या खाली उतरल्या. मी घर नंबर दोन वाचलं.

डबा स्टेजवरच राहिला. तो मी दुसऱ्या दिवशी नंदाला दिला. मला वाटलं होतं ती भांडेल, निदान रडेल. तिनं डबा दप्तरात ठेवला आणि म्हणाली, “थैंक यू. आपको तकलीफ़ हुई.” त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही एका वर्गात होतो. मी मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, नम्रपणे, प्रत्येक वेळी आप म्हणून. बस उशिरा होती का, विचारलं तर, हां, थोड़ी लेट थी. दुसऱ्या बाकावर बसायला गेली तेव्हाही मला विचारून गेली. मी तिची माफी मागितली नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग उशीर झाला म्हणून, मग सवय झाली म्हणून.

मंडळाला त्या वर्षी ढाल मिळाली. तो फोटो ऑफिसच्या भिंतीवर अजून आहे. पाहुणे, ब्लँकेट, जांभळ्या साडीतली एक बाई, कडेला माईकवर मी. नंदाचा नुसता हात आला आहे. खाली लिहिलंय, ‘छात्राओं की पहल’. सईनं मला तो फोटो फार अभिमानानं दाखवला होता, पहिलीत प्रवेश घेतला त्या दिवशी.

तिचा फॉर्म आला त्या संध्याकाळी मी तिला हे सगळं सांगितलं. नंदाचं, वहीचं, काकूंचं. तिनं नीट ऐकून घेतलं, तिला वाईटही वाटलं. मग म्हणाली, “तो इस बार नाम नहीं पढ़ेंगे, नंबर पढ़ देंगे. मैं मैडम को बोल दूंगी.” मी कपाळावर हात मारून घेतला. फुलेश्वरीला मी स्वतः विचारलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, “देना हे त घरे म दे दे दीदी. उहां झन बला.” द्यायचं असेल तर घरीच दे, तिथं बोलवू नकोस. मी तिला एक चांगलं ब्लँकेट घरी आणून दिलं. त्यानं माझं काही फिटलं नाही. सईनं दोन दुसरी नावं लिहून नेली.

पुढच्या रविवारी मी बीरगांवला गेले. गल्ली सापडायला वेळ लागला, रस्ते आता पक्के झालेत, हवेतला वास तोच आहे. काकू दारात बसून लसूण सोलत होत्या. केस पांढरे, बाकी तशाच. त्यांनी मला लगेच ओळखलं, तात्यापाऱ्याची वृंदा ना तू, म्हणाल्या, आणि चहा ठेवला. नंदाचे वडील गेले, शेवटची काही वर्षं त्यांना श्वास पुरत नव्हता. नंदा भिलाईला आहे, शाळेत शिकवते, तिच्या मुलीला शिवणाचा नाद आहे. तिचा नंबर मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही. चहा अर्धा झाल्यावर मी म्हटलं, काकू, मी माफी मागायला आले आहे, तुमचं नाव मी वाचलं होतं त्याची.

त्या लसूण सोलत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, “दुसऱ्या कोणी नाव घेतलं असतं तं मी उठलीच नसती, बाई. तुझा आवाज आला ना. मले वाटलं, धुराचं सांगाले बोलावून राहिली.”